खिद्रापूरला अख्खा दिवस द्या

कोल्हापूर जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या खिद्रापूरला मी दोनदा गेले, तिथलं कोपेश्वराचं जुनं देऊळ बघायला. पहिल्या वेळी 40 मिनिटं मिळाली, दुसऱ्या वेळी दोन अख्ख्या सकाळी. लिहायचंय ते दुसऱ्या खेपेबद्दल. पण पहिलीबद्दलही चार ओळी लिहायलाच हव्यात, कारण नागपुरातून तिकडे जाणारे बरेच जण त्याच पद्धतीनं जातात.

पहिल्यांदा इथल्याच, नागपुरातल्या एका सहल कंपनीच्या बसनं गेलो होतो. बस स्वच्छ, जेवण वेळेवर, सोबतची मुलं अदबीनं वागणारी. पण एकाच दिवसात अंबाबाई, जोतिबा, नरसोबाची वाडी आणि शेवटी खिद्रापूर. कोपेश्वराच्या दारात उतरवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ‘चाळीस मिनिटांत परत या, फोटो काढून घ्या,’ एवढंच सांगितलं. मी शाळेत 28 वर्षं चित्रकला शिकवली. देवळाच्या पायथ्याशी दगडी हत्तींची रांग दिसली तशी मी ती मोजत चालू लागले. प्रत्येक हत्तीची चाल निराळी, झूल निराळी. अकराव्या हत्तीपाशी शिट्टी वाजली. बसमध्ये येऊन बसले तेव्हा घशात आवंढा होता. घरी आल्यावर त्या कंपनीला पत्र लिहिलं, की एक ठिकाण गाळा पण खिद्रापूरला निदान तीन तास द्या. उत्तर आलं नाही.

मग गेल्या डिसेंबरात आम्ही आमचे गेलो. मी, माझी 71 वर्षांची थोरली बहीण आणि तिचा नातू. नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस सरळ मिरजेला जाते, कुठे बदलावी लागत नाही. एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढायची तयारी मात्र हवी. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून खालचा बर्थ आधीच बघून घेतला होता. सकाळी साताऱ्याच्या पुढे खिडकीतून ऊस दिसू लागला आणि नंतर दुसरं काही दिसेचना. आपल्याकडे कापसाच्या आणि तुरीच्या शेतातून नजर लांबवर जाते. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच हिरवी भिंत, आणि वर पांढरे तुरे.

मिरजेहून तीन दिवसांसाठी गाडी केली. चालक शिरोळ तालुक्यातलाच, म्हणजे खिद्रापूर ज्या तालुक्यात आहे तिथलाच, शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि या सहलीचं अर्धं श्रेय मी त्याला देते. तालुक्यातून कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या जातात, हे त्यानं पहिल्याच पुलावर गाडी बाजूला लावून समजावलं. पाणी मुबलक, म्हणून ऊस. पण त्याच पाण्यानं इथली पुष्कळ जमीन क्षारपडही केली आहे. वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिलं, निचरा झाला नाही आणि खालचं मीठ वर आलं. त्यानं दाखवलेल्या एका शेतात ऊस गुडघाभरही वाढला नव्हता आणि सरीत पांढरी खापली धरली होती. मी खाली उतरून बोटानं ती खरवडली. पिठासारखी भुगभुगीत होती. आता जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून ते पाणी चरात काढतात, असं तो म्हणाला. ‘आजोबांनी पाणी आणलं, बाबांनी पाजलं, आता आम्ही काढतोय,’ हे त्याचं वाक्य मी वहीत उतरून घेतलं.

आता खिद्रापूर. कोल्हापूरपासून 60 किलोमीटरच्या आसपास, नरसोबाच्या वाडीपासून 17-18. महाराष्ट्राच्या अगदी कडेचं गाव, कृष्णेच्या काठावर. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं मानतात आणि शिलाहार राजा गंडरादित्याचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पुढे यादवांच्या सिंघणदेवानं इथे दान दिल्याचा देवनागरी शिलालेख दक्षिणेकडच्या दाराजवळ आहे. बाकीचे बहुतेक लेख कानडीत आहेत. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, हे ताईच्या सगळ्यात आधी लक्षात आलं. गावातली कथा अशी, की सती दक्षाच्या यज्ञाला निघाली तेव्हा नंदी तिच्याबरोबर गेला. तिनं यज्ञात देह टाकल्यावर महादेव कोपून इथे येऊन बसले, म्हणून ते कोपेश्वर. त्यांची समजूत घालायला विष्णू आले, ते धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघांची लिंगं शेजारी शेजारी आहेत. नंदी नदीपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे म्हणतात, आणि यडूरला देऊळ आहे ते वीरभद्राचं, म्हणजे दक्षाचा यज्ञ उधळणाऱ्याचं. कथा दोन्ही काठांवर मिळून पुरी होते.

आम्ही नऊ वाजता पोचलो तेव्हा आवारात झाडलोट चालली होती. तिकीट नव्हतं. गावातले एक काका माहिती सांगायला पुढे आले. त्यांनी आधी विचारलं, ‘किती वेळ हाय तुमच्याकडं?’ मी म्हटलं, दिवसभर. तर त्यांचा चेहराच उजळला. ‘मग घाई करू नगा, अक्का. ऊन फिरतंय, त्याच्यासंगं तुमीबी फिरा.’

त्यांचं ते वाक्य म्हणजे खिद्रापूर बघायची खरी रीत आहे. देवळाच्या पुढे एक सुटा, गोल मांडणीचा मंडप आहे, त्याला स्वर्गमंडप म्हणतात. 48 खांब. मधोमध छतच नाही, 13 एक फुटांचं गोल आभाळ मोकळं सोडलं आहे, आणि बरोबर त्याच्याखाली जमिनीवर तेवढीच एक अखंड गोल शिळा. त्या मोकळ्या वर्तुळाच्या कडेनं दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले. पहिल्या खेपेला मी शिळेवर उभं राहून वर बघितलं, फोटो काढला आणि बाहेर पडले. सगळे तेच करतात. या वेळी ताईला खांबाशी टेकवून बसवलं, मी वही काढली, आणि आम्ही उन्हाचा गोल बघत बसलो.

छतातल्या त्या गोलातून ऊन आत पडतं. सकाळी सूर्य आग्नेयेला खाली असतो, त्यामुळे ते आधी समोरच्या खांबांवर पडतं. तिथे त्याचा गोल राहत नाही. खांब काही ठिकाणी चौकोनी, काही ठिकाणी अष्टकोनी, काही ठिकाणी चकतीसारखे गोल कातलेले. ऊन त्या प्रत्येक कंगोऱ्यावर मोडतं. अर्ध्या तासानं ते खांबावरून एक इयत्ता खाली उतरलेलं असतं, आणि मघाशी जिथे सपाट काळा दगड दिसत होता तिथे एकाएकी मण्यांची माळ उमटते. कारागिरानं त्या कडा कशासाठी इतक्या धारदार ठेवल्या ते तेव्हा कळलं. अकराच्या पुढे ऊन फरशीवर आलं आणि मग हळूहळू त्याचा गोल जुळू लागला. साडेबाराच्या सुमाराला तो शिळेच्या उत्तरेच्या काठावर टेकला. पण शिळेवर बरोबर बसला नाही.

ताईच्या नातवानं विचारलं, का नाही बसला? तो दहावीला आहे. मी त्याला वहीत काढून दाखवलं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून दुपारी भर माथ्यावर असल्यासारखा वाटला तरी ऊन तिरकंच येतं आणि गोल उत्तरेला सरकतो. मग त्यानं कार्तिक पौर्णिमेचं विचारलं, कारण काका म्हणाले होते की त्या रात्री चंद्र बरोबर या गोलात येतो आणि लोक बघायला जमतात. तेही याच हिशेबानं सुटतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो. कार्तिकात सूर्य जितका दक्षिणेला गेलेला, साधारण तितकाच पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला. खिद्रापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसोळा-सतरा अंशांवर आहे, त्यामुळे मध्यरात्री तो जवळजवळ थेट डोक्यावर येतो. हे सांगताना माझ्या अंगावर काटा आला. बांधणाऱ्यांनी हे हेरूनच बांधलं की नाही यावर मी शपथ घेणार नाही, पण ज्यांनी छत मोकळं ठेवून खाली तेवढ्याच मापाची शिळा बसवली त्यांनी आभाळाकडे पुष्कळ रात्री बघितलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

नंतर बाहेर आले आणि हत्तींकडे वळले. पायथ्याला नव्वदाहून जास्त हत्ती आहेत, सगळं देऊळ त्यांनी पाठीवर घेतल्यासारखं. कितीकांच्या सोंडा तुटल्या आहेत. एका हत्तीच्या पायाचा साखळदंड मी बराच वेळ बघत होते. कडी कडीत अडकवलेली आहे, आणि दोन कड्यांच्या मधली फट खरोखरच कोरून मोकळी केली आहे. करंगळीचं नखही धड जाणार नाही एवढी फट. बसाल्टसारख्या कठीण दगडात हे करताना छिन्नी एकदा जरा जास्त गेली असती तर सबंध पाय गेला असता. शाळेत मी मुलांना सांगायची की खोडरबर कमी वापरा. त्या माणसाकडे खोडरबर नव्हतंच.

आम्हा विदर्भातल्या लोकांना मार्कंडा ठाऊक असतो. वैनगंगेच्या काठचं ते देऊळ मी पाच-सहा वेळा काढलं आहे. तिथे बाहेरच्या भिंती नजर ओढून घेतात, माणूस प्रदक्षिणा घालत राहतो. खिद्रापूरला माणूस आत येऊन बसतो. दोन्ही नदीकाठी, दोन्ही अंगभर कोरलेली, आणि तरी हा फरक. ज्यांनी मार्कंडा मन लावून बघितलाय त्यांनी हे जरूर बघावं. गावातच आदिनाथाचं जुनं जैन मंदिर आहे, तेही चुकवू नका. पहिल्या खेपेला ते आहे हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथेच गेलो. चालकदादाला नवल वाटलं, पण बोलला नाही.

मुक्काम वाडीला होता. नरसोबाच्या वाडीबद्दल दत्तभक्तांना मी काय सांगणार, पण आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. ज्या नृसिंहसरस्वतींच्या पादुका इथे आहेत ते मूळचे आपल्या कारंज्याचे, वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडचे. तिथून काशी, मग औदुंबर, मग इथे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बारा वर्षं, आणि पुढे गाणगापूर. आमचं माहेर अमरावतीचं. लहानपणी आई आम्हाला कारंज्याला न्यायची. पादुकांपुढे उभी राहिल्यावर ताई एकच म्हणाली, ‘आपल्या गावचा माणूस केवढ्या लांब आला गं.’ नंतर ती बराच वेळ घाटावर बसून होती.

मंदिराला नेहमीसारखा कळस-शिखराचा थाट नाही. विजापूरच्या आदिलशहानं मुलीची दृष्टी परत आल्यावर ते बांधून दिलं अशी परंपरा सांगतात. देऊळ मुद्दामच खाली, नदीच्या अंगाला आहे. पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी आत शिरून पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा तिथे चालू राहते. 2005, 2019, 2021 या महापुरांच्या आठवणी इथे प्रत्येकाकडे आहेत. पेढ्याच्या दुकानातल्या काकूंनी भिंतीवर हात उंच करून 2019 चं पाणी दाखवलं. हात पुरला नाही, मग स्टुलावर चढून दाखवलं.

पेढे चांगले, बासुंदी त्याहून चांगली, पण पैसे मोजून आणावी ती कवठाची बर्फी. आंबट-गोड, किंचित तुरट, दाताखाली कवठाचं बी येतं. आपल्या संत्रा बर्फीच्या शेजारी ठेवली तरी कमी पडणार नाही. घेताना ताजी आहे का विचारा आणि चव मागा, कुणी नाही म्हणत नाही. दुपारच्या जेवणात कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत मिळालं तर घ्या. एका घरी खपली गव्हाची खीर वाढली, तिला तिकडे हुग्गी म्हणतात. गूळ, खोबरं, वरून दूध. तिखटाबद्दल नागपूरकरांना सूचना द्यायची गरज नाही.

कुरुंदवाडला तासभर थांबलो. पटवर्धनांचं संस्थान होतं, नदीचा घाट ऐसपैस आहे. तिथेच संगमाजवळ संताजी घोरपड्यांची समाधी. औरंगजेबाच्या फौजेला ज्यांच्या नावानं धडकी भरायची त्या सेनापतीची समाधी इतकी साधी, की नातू वाकून नमस्कार करून झाल्यावरही ‘हीच का?’ म्हणून विचारत होता. मी हो म्हटलं आणि आम्ही तिघं थोडा वेळ गप्प उभे राहिलो.

आणि गुऱ्हाळ. हे कुठल्याही सहलीच्या पत्रकात नसतं, पण हंगामात गेलात तर चुकवू नका. दादाच्या ओळखीचं होतं, शिरोळच्या बाजूला. लांबूनच वास येतो. चरकातून रस हौदात, हौदातून त्या भल्यामोठ्या काहिलीत. खाली चुलाणात जळव्या वाळलेली चिपाडं सारत असतो, म्हणजे उसानंच ऊस शिजतो. रस तापला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायचं. गुळव्या म्हणजे तिथला मालकाहून मोठा माणूस. साठीचे गृहस्थ, डोळे धुरानं लाल. कुठला थर्मामीटर नाही. ते बुडबुडे बघत होते. आधी मोठे, पांढरे, फसफसणारे. मग लहान, पिवळे, आणि आवाज बदलला. खरंच बदलला, सळसळ होती तिची खदखद झाली. त्यांनी उलथण्यावरचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकला, बोटानं वळला, वाटीच्या काठावर टिचकीनं वाजवला. टक्. हात वर केला आणि चौघांनी मिळून काहील वाफ्यात ओतली. सगळं मिळून अडीच-तीन तासांचं काम, पण तो निर्णय एका क्षणाचा.

आपण भेली म्हणतो, तिकडे रवा म्हणतात. गूळ घेताना एक लक्षात ठेवा. पिवळाधमक बघून भुलू नका, तो रंग बहुतेक वेळा पावडर घालून आणलेला असतो. तांबूस-काळसर मागा. आम्ही एक-एक किलोचे चार रवे आणि काकवीची बाटली घेतली. बाटलीचं बूच गाडीत सैल झालं आणि ताईची शाल चिकट झाली, तेव्हा काकवी सामानात आडवी ठेवू नका.

गुऱ्हाळाच्या वाटेवर एका फडाच्या कडेला तोडणी कामगारांची पालं होती. बीडकडची माणसं. पहाटे थंडीत कोयता घेऊन फडात उतरायचं, दुपारी मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत. लहान मुलं पाल्याच्या ढिगावर खेळत होती. आम्ही नागपूरहून नेलेली संत्री ताईनं सगळी तिथेच वाटून टाकली. शाळेचे दिवस होते आणि सहा-सात वर्षांची मुलं फडात होती. मी शिक्षिका आहे, मला ते दृश्य अजून छळतं. तिकडची देवळं बघायला जाणाऱ्यानं हेही बघावं, तोंड फिरवू नये.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरा, मात्र गाळप चालू असल्यानं रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात आणि 17 किलोमीटरला पाऊण तास लागू शकतो. अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं येऊ नका, काही ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. खिद्रापूरला फरशी सकाळी गार आणि दुपारी तापलेली, ज्येष्ठांसाठी मोजे ठेवा. बसायला चटई न्या. चहापाणी, स्वच्छतागृह हे कुरुंदवाडला किंवा वाडीला उरकून निघालेलं बरं. माहिती सांगणारे काका भेटले तर त्यांना सांगू द्या, मध्ये मध्ये मोबाइलमध्ये बघू नका. त्यांनी पैसे मागितले नाहीत. आम्ही दिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी घरून ताईसाठी लोडाची उशी आणली होती.

वाडीला मी मनापासून जाईन, कुरुंदवाडला वेळ असला तर, गुऱ्हाळाला हंगाम असला तर. खिद्रापूरला मात्र फक्त खिद्रापूरसाठी जाईन. हिशेब करून ठेवला आहे. सूर्य तिथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा. एकदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पण तेव्हा ढग असतात आणि कृष्णा पात्राबाहेर असण्याची भीती. दुसरी वेळ मेच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा तो गोल त्या शिळेवर काठाला काठ लावून बसायला हवा. ताई म्हणते मे महिन्यात तिला झेपणार नाही. नातवाची तोवर परीक्षा झालेली असेल, त्याचं आणि माझं तिकीट काढणार आहे. माझ्या वहीत शिळेचं एक चित्र अर्धवट आहे, उन्हाची जागा कोरी सोडलेली.